दसऱ्याचा मुजरा

"शेवटच्या वळणावर मैना पाचवी. पाचवी! शेजारी बसलेला मुंबईचा शेठ दुर्बीण खाली ठेवून मला म्हणतो, चला रावसाहेब, चहा घेऊ. मी म्हटलं, चहा तुम्ही घ्या शेठ, मी कप घेऊन येतो!"

मांडवात हशा पिकला. उदयसिंहरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि टेबलावरचा चांदीचा कप सगळ्यांना दिसेल असा पुन्हा एकदा वळवून ठेवला. सकाळपासून ही गोष्ट कितव्यांदा चालली होती कोण जाणे. पहाटे नुसता एक शेठ होता, फाफडा-जिलेबीच्या वेळी तो मुंबईचा झाला, आणि आता त्याच्या हातात दुर्बीणही आली होती. पण आज त्यांना टोकणार कोण? पुण्याच्या मोठ्या शर्यतीत बडोद्याची घोडी पहिली आली होती, तीही शहराबाहेरच्या हरणी गावातल्या या इवल्याशा पागेतली, जिथे तीन घोडी, दोन मोतद्दार आणि एक भांडकुदळ बोकड एवढाच काय तो संसार. त्यात आज दसरा. मोठ्या माणसाला थोडं वाढवून बोलायला याहून चांगला दिवस कुठला?

धाकटी सून वसुंधरा एका बाजूला पूजेचं तबक लावत होती. तीही दर वेळी त्याच जागी हसत होती आणि दर वेळी तिला खरंच हसू येत होतं. काल संध्याकाळी मैना गाडीतून उतरली तेव्हा स्टेशनातल्या हमालांसमोर ती घोडीच्या गळ्यात पडून रडली होती. एरवी तिला स्वतःचीच लाज वाटली असती. काल नाही वाटली.

"आणि मंडळी, खरी मजा अजून व्हायची आहे," उदयसिंहराव उठून उभे राहिले. "वाडीतून जनार्दनचा बँड निघालाय. मैनेची पूजा होईल, बँड वाजेल, आणि मैना तुम्हा सगळ्यांना मुजरा करेल. आमच्या वडिलांनी सरकारच्या पागेत शेकड्यांनी घोडे तयार केले, पण मुजरा न शिकता एकही बाहेर पडला नाही. ती शिस्त मैनेला या हातांनी लावली. म्हणून जिंकली ती! आणि मुजरा झाला की एक गोष्ट जाहीर करणार आहे. या पागेचा कारभार आजपासून कोणी पाहायचा, ती."

टाळ्या पडल्या. वसुंधरेच्या हातातली कुंकवाची कोयरी तबकात आडवी झाली आणि सगळं कुंकू झेंडूंवर सांडलं.

कारण मैना मुजरा करणार नव्हती. आणि हे घरात फक्त दोघांनाच माहीत होतं, तिला आणि तिच्या नवऱ्याला.

हा मुजरा म्हणजे काय, तर बँड वाजला की घोड्यानं जागच्या जागी थबकायचं, पुढचा एक पाय मुडपायचा आणि मान खाली घालायची. संस्थान होतं तेव्हा दसऱ्याच्या सवारीत याला मान होता. पुढे संस्थान गेलं, गुजरात वेगळं झालं, पागेचे अंमलदार पेन्शनीत निघाले, पण उदयसिंहरावांच्या घरचा मुजरा काही गेला नाही. शर्यतीची घोडी आणली तरी आधी मुजरा, मग धावणं. आता जगात दुसऱ्या कुणाला हे सुचलं असतं का? घोडी पळायला ठेवायची आणि शिकवायचं काय, तर थांबायला!

त्याचं फळ गेल्या वर्षी मिळालं. पुण्यालाच, हीच शर्यत, मैना दोन घोड्यांच्या अंतरानं पुढे. शेवटचा टप्पा उरला होता. हिरवळीवरच्या बँडवाल्यांना काय घाई झाली देवाला ठाऊक, शर्यत संपायच्या आतच त्यांनी धून धरली. मैनेचे कान हलले, चाल मोडली, मान खाली गेली. जॉकी टाचा मारून मारून थकला. बाकीचे घोडे भर्रकन निघून गेले. उदयसिंहराव तिथल्या तिथे ओरडले, "जॉकीनं खेचली! विकला गेला लेकाचा!" आणि बडोद्याला येऊन त्यांनी मोठ्या मुलाला, सुभाषला, शब्द दिला की पुढच्या वर्षीही हरली तर पागा बंद, हरणीची जमीन सोसायटीला देऊन टाकू. सुभाष रिफायनरीत इंजिनियर. त्यानं बंगल्यांचे नकाशेसुद्धा काढून घेतले होते.

वसुंधरेनं मात्र त्या दिवशी घोडीचे कान पाहिले होते. फतेगंजला लष्कराच्या लायनीत तिचे वडील घोड्यांचे डॉक्टर होते, चालता येण्याआधी ती खोगिरावर बसली होती. तिला कळायचं ते कळलं. सासऱ्यांना सांगून बघितलं, एकदा. "सूनबाई, पागेत बायकांनी नाक खुपसायचं नाही," एवढं बोलून ते वर्तमानपत्रात शिरले. मग तिनं पुन्हा बोलणंच काढलं नाही. कमुरता, म्हणजे आपला धनुर्मास, लागला, लग्नं बंद, बँडवाले रिकामे. तिनं वाडीत जाऊन जनार्दनला गाठलं आणि म्हणाली, तालमीला जागा देते, हरणीला या. दुपारी आबासाहेब, म्हणजे सासरे, जेवून झोपत, उठून जिमखान्यात पत्ते खेळायला जात. तेवढ्या वेळात इकडे ताशे, कर्णे, बिगुल. आणि मैनेवर वसुंधरा. बँड वाजला की टाच, पळ! थांबलीस तर काही नाही, पळालीस तर गूळ. सुरुवातीला मैना इतकी गोंधळली की एकदा तिनं पळत पळत मुजरा करायला घेतला आणि दोघी धुळीत लोळल्या. पण होळी येईपर्यंत घोडी पक्की झाली होती. बँड ऐकला की तिच्या अंगात वारं भरायचं. यंदाही पुण्याला बँड शर्यत संपायच्या आतच वाजला, आणि मैना थांबायच्या ऐवजी सुटली.

वसुंधरा तबक तसंच टाकून पागेत गेली. गजेंद्र मैनेला खरारा करत होता. त्यानं बायकोचा चेहरा पाहिला आणि ब्रश खाली ठेवला.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "घाबरू नकोस. जनार्दनला फाटकावरच गाठतो. ढोल फुटला, बिगुलवाला आजारी पडला, काहीतरी सांगू. बँडच नाही तर मुजरा कसला?"

"आणि उद्या? उद्यापासून आबासाहेब तिला परत मुजरा शिकवायला घेतील. थंडीत मुंबईची शर्यत आहे. तिथं काय बँड नसतो?"

"तोवर कारभार माझ्याकडे आलेला असेल ना. मलाच देणार आहेत, काल गाडीत म्हणाले. मला मिळाला म्हणजे तुला मिळाल्यासारखाच की."

"मिळाल्यासारखा!" वसुंधरा एकदम उसळली. "अहो, तुम्ही चांगले आहात म्हणून मी काही बोलत नाही. पण पाच वर्षं मी या पागेत चोरासारखी येतेय. दुपारी येते, आबासाहेबांची मोटार वाजली की मागच्या दारानं पळते. मला मिळाल्यासारखा नकोय. मला हवाय."

गजेंद्रनं ब्रश पुन्हा उचलला. तो तसा भला माणूस, पण वडिलांसमोर उभा राहिला की त्याची जीभ टाळूला चिकटायची.

"आणि कळलं त्यांना तर?" तो शेवटी म्हणाला. "तुला इथं पाऊल ठेवू देणार नाहीत. माहीत आहे ना?"

तेच तर माहीत होतं.

"कुणाला पाऊल ठेवू देणार नाहीत?" दारात थोरली जाऊ नलिनी उभी होती, हातात श्रीखंडाचं पातेलं. तिच्यामागे आत्याबाई. कमलाआत्या म्हणजे उदयसिंहरावांची थोरली बहीण. भावाला अरेतुरे करणारं या घरात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

वसुंधरेनं एका दमात सगळं सांगून टाकलं. लपवून आता मिळणार काय होतं? नलिनीशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. नलिनीच्या कपाटात त्या बंगल्यांचे नकाशे होते, स्वयंपाकघर कुठल्या दिशेला हवं इथपर्यंत तिनं ठरवलेलं. ती आता सरळ मांडवात जाऊन सांगेल, अशीच वसुंधरेची खात्री होती.

नलिनी पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे घोडी तू जिंकवलीस? आणि सकाळपासून गोष्ट ते सांगताहेत?"

"हो."

"आणि तू हसतेयस!"

"गोष्ट चांगली सांगतात ते," वसुंधरा म्हणाली, आणि तिघीही फिसकन हसल्या.

"हे बघ," नलिनी गंभीर झाली, "माझा बंगला तुझ्यामुळे गेला. तो राग आहेच, तो मी सावकाश काढीन. पण कॉलेजात मी शिकवते आणि विभागप्रमुख माझ्या टिपणांवर भाषणं ठोकतो. हे दुखणं मला कळतं. सांगून टाक. बँड यायच्या आत सांग."

आत्याबाईंनी नुसती मान हलवली. "सांग. पण तो रागावला तर पळू नकोस. पळालीस तर मग आयुष्यभर मागचंच दार."

वसुंधरा मांडवात आली. उदयसिंहराव डोक्यावर लाल पगडी चढवत होते. भोवती पाहुण्यांचा गराडा. शेजारच्या शेतातले पटेलकाका, सुभाषचे रिफायनरीतले मित्र, जुन्या दरबारातली चार-दोन पिकली डोकी.

"आबासाहेब, जरा एक बोलायचं होतं."

"बोल की! काय हवं ते माग आज." ते इतके खुशीत होते की त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. "आमच्या वडिलांना मी मैनेच्या तोडीची घोडी तयार करून दाखवायची राहिली बघ. आज ते असते तर! मुजरा झाला की मला वाटतं मी मोकळा झालो."

एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला सांगायचं तरी कसं? आणि तेवढ्यात फाटकापाशी ढोलावर थाप पडली.

"आला! आला! गजेंद्र, आण मैनेला!"

जनार्दनचा बँड लाल कोटांत, पितळी बटणं चकाकवत आत आला. जनार्दननं वसुंधरेला पाहून ओळखीचं हसू केलं, मग तिचा पडलेला चेहरा पाहून ते घाईघाईनं पुसलं. गजेंद्रनं मैनेला आणलं. गळ्यात झेंडूची माळ, कपाळी कुंकू, उन्हात अंग तुपासारखं चमकत होतं. बायकांचं ओवाळून झालं. पाहुणे दोन बाजूंना सरकले. उदयसिंहराव मधोमध उभे राहिले, छाती पुढे, हात मागे, आणि त्यांनी बँडला खूण केली.

बँड वाजला.

मैनेचे कान ताठ झाले. एक क्षण ती थांबल्यासारखी वाटली. उदयसिंहरावांचा चेहरा उजळला. आणि मग तिनं गजेंद्रच्या हाताला असा हिसका दिला की लगाम सुटला. शेपूट वर, माळ उडवत, मैना दुडक्या चालीनं निघाली ती सासऱ्यांच्या नाकासमोरून, पाहुण्यांच्या मधून थेट बँडपाशी. तिथं जनार्दनच्या कोटाच्या खिशात तिनं तोंड खुपसलं आणि हुंगून हुंगून गूळ शोधायला लागली. खिसा रिकामा निघाला तशी तिनं त्याची टोपी उचलली.

बँड एक-एक वाद्य करत बंद पडला. सगळ्यात शेवटी झांजवाला.

"जनार्दन," उदयसिंहराव म्हणाले. आवाज हळू होता, म्हणून जास्तच भीती वाटली. "तुमची जुनी ओळख दिसते."

जनार्दन टोपीसाठी मैनेशी झटत होता. "नाही म्हणजे, साहेब... आपलं असंच... तालमीला..."

"कसली तालीम? कुणी बोलावलं तुला माझ्या पागेत? हे कुणी केलं?"

गजेंद्र पुढे झाला. "आबा, मी."

"तू? तुला डबा वाजवता येत नाही." उदयसिंहरावांनी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही.

"मी केलं," वसुंधरा म्हणाली. ती दोन पावलं पुढे आली. "मैनेचा मुजरा मी मोडला, आबासाहेब. कमुरत्यापासून होळीपर्यंत रोज दुपारी. बँड लावून तिला पळवत होते. मी स्वतः तिच्यावर बसत होते."

शेजारच्या विमानतळावरून उठलेलं विमान मांडवावरून गेलं, पण वर कुणी पाहिलं नाही.

"माझ्या वडिलांनी घालून दिलेली रीत," उदयसिंहराव म्हणाले. पगडीखाली त्यांचं कपाळ लाल झालं होतं. "ती तू माझ्या पाठीमागे मोडलीस. आणि मी सकाळपासून इथं... या सगळ्यांच्या समोर... मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं होतं. गेल्या वर्षीच. तुम्ही म्हणालात, नाक खुपसू नकोस."

"परत सांगायचंस!"

"परत सांगितलं असतं तर करू दिलं असतंत?"

सुभाष मध्ये पडला. वसुंधरेला वाटलं, झालं, आता हा जमिनीचं काढणार.

"आबा, गेल्या वर्षी मी तुमच्या शेजारीच होतो," सुभाष म्हणाला. "तुम्ही जॉकीकडे बघत होता. मीही तुमच्यासारखाच ओरडलो, कारण मला जमीन हवी होती. पण बँड आधी वाजला होता, आबा. घोडी मग थांबली. मला तेव्हाच दिसलं होतं, मी बोललो नाही. हिनं ते पाहिलं आणि दुरुस्त केलं. वाल्व उलटा बसवला असेल तर प्लांट कुणाचाही असो, चालत नाही."

"तुझा वाल्व तुझ्या रिफायनरीत ठेव!" उदयसिंहराव गरजले. पण त्या गरजण्यात आता पहिला जोर नव्हता. ते मैनेकडे बघत होते. ती टोपी टाकून आता बिगुल चाटायला लागली होती.

आत्याबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "उदय, घोडी कशाला ठेवलीस रे तू?"

"म्हणजे?"

"अरे, साधं विचारतेय. मुजऱ्याला ठेवलीस की धावायला?"

उदयसिंहराव सावकाश चालत मैनेजवळ गेले. जनार्दन घाबरून दोन पावलं मागे सरला. त्यांनी मैनेच्या मानेवर हात ठेवला आणि माळ नीट केली. बोलले तेव्हा कुणाशी बोलत होते ते कळेना.

"म्हणजे गेल्या वर्षी त्या पोरानं नाही खेचली. मी खेचली. आणि त्या बिचाऱ्याला मी भर रेसकोर्सवर शिव्या दिल्या."

"त्याला पत्र लिहू आपण," गजेंद्र म्हणाला.

"पत्र कसलं, मी जाऊन भेटतो." ते वळले. "जनार्दन, ते वाजव."

"काय साहेब?"

"तालमीत वाजवायचास ते. सूनबाई, बस तिच्यावर. मला बघायचंय."

"आत्ता? या साडीत?"

"दुपारी चोरून बसत होतीस तेव्हा साडी नव्हती का?"

"सलवार असायची," वसुंधरा म्हणाली, आणि पटेलकाका मोठ्यानं हसले, "अरे वाह, वहू तो जबरी छे!" त्या हसण्यानं मांडवातला ताण निम्मा उतरला. नलिनीनं तिचा पदर कमरेला घट्ट खोचून दिला. गजेंद्रनं हाताची पायरी केली. खोगीर नव्हतं, नुसती झूल होती.

बँड वाजला तशी मैना निघाली. आंब्यांच्या मागून, विहिरीला वळसा घालून, कुंपणाच्या कडेनं तिनं पूर्ण रिंगण घेतलं. झेंडूची फुलं तुटून मागे उडत होती. पहिल्या फेरीला पाहुणे टाळ्या वाजवत होते, दुसऱ्या फेरीला ओरडायला लागले, आणि बँडवाल्यांना तर असा चेव आला की त्यांनी लय चढवली. मैना आणखी सुटली. वसुंधरेचा अंबाडा सुटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्यानं की कशानं हे तिला सांगता आलं नसतं. पाच वर्षांत पहिल्यांदा ती या मैदानात भर उजेडात, सगळ्यांच्या देखत पळत होती. तिला मोठमोठ्यानं हसायचं होतं आणि ती हसली.

ती मांडवासमोर येऊन थांबली तेव्हा उदयसिंहराव पगडी काढून हातात घेऊन उभे होते. डोळे लाल होते. ते रडले होते की काय, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

"डावा खांदा जरा आत पडतो तिचा," ते म्हणाले.

"वळणावरच पडतो. त्याचंच काम घेतेय सध्या."

"हं." ते लगामाशी चाळा करत राहिले. सगळा मांडव वाट बघत होता, कारभाराचं काय ते आता जाहीर होईल म्हणून. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी कामाला किती वाजता काढणार तिला?"

"साडेपाचला."

"मी आलो तर चालेल?"

वसुंधरेचा ऐकलं त्यावर विश्वास बसेना. तिनं गजेंद्रकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं. मग मैनेच्या पाठीवर ताठ बसत म्हणाली, "या की. पण आबासाहेब, उशीर झाला तर आम्ही थांबणार नाही."

उदयसिंहरावांनी पगडी डोक्यावर ठेवली आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात हाक मारली.

"सुभाष! संध्याकाळी मला गजराचं घड्याळ काढून दे रे. पाचचा गजर लाव. पागेच्या नव्या कारभारीणबाईंना उशीर चालत नाही!"